झिंग्यांचं घमेलं

माझ्या टेबलावर कायम पाण्यानं भरलेला एक काचेचा ग्लास असायचा. त्यातलं पाणी मी कधी प्यायले नाही आणि कुणाला पिऊही दिलं नाही. ऑफिसात नवीन माणूस आला, उन्हातून आलेला असला, की त्याचा हात हटकून त्या ग्लासाकडे जायचा आणि मी खेकसायचे, "ठेवा खाली, त्यात झिंग्याचं जेवण आहे." माणूस आधी ग्लासाकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि बहुतेक वेळा नंतरचं सगळं बोलणं खुर्ची जरा मागे सरकवून करायचा. ग्लासाच्या तळाशी शेवेच्या तुकड्याएवढे दोन-चार तपकिरी दाणे पडलेले असायचे. ते फुटतात का, विरघळतात का, किती वेळ तग धरतात, हे बघणं माझ्या कामाचा भाग होता. हाताखालची मंडळी मला मागून "ग्लासवाली बाई" म्हणायची. मला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

कोल्हापूरजवळच्या एका पशुखाद्याच्या कारखान्यात माझी नोकरी झाली. रसायनशास्त्राची पदवी घेऊन लागले आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. मधल्या काळाचा पाढा वाचत नाही, कारण त्यात वाचण्यासारखं फार नाही. रोज सकाळी पेंडीचे, कोंड्याचे, मक्याचे भाव बघायचे, आलेल्या मालाचा वास घ्यायचा, ओलावा बघायचा आणि आज मिक्सरमध्ये काय किती पडणार ते ठरवायचं. घरात स्वयंपाक करते ती बाई जे करते तेच, फक्त खाणारं तोंड म्हशीचं. आणि म्हशीचं बरं असतं. तिच्या पोटात चार कप्पे, त्यात कोट्यवधी जंतू, आपण घातलेलं बरंवाईट ते निस्तरून घेतात. गोळी पेंडीत थोडं उणंदुणं झालं तर म्हैस सांभाळून घेते. झिंगा सांभाळून घेत नाही. हे मला फार उशिरा, नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत शिकावं लागलं. ग्लासही तेव्हाचाच.

शिरोळकडच्या, कुरुंदवाडकडच्या काळ्या जमिनींना पिढ्यान्‌पिढ्या पाणी पाजून पाजून मीठ फुटलं, हे आपल्या भागात कुणाला नव्यानं सांगायला नको. उन्हाळ्यात तिथं रानावर पांढरा थर येतो. ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडतो. असल्या रानात काहींनी तळी खोदली आणि त्यात गोड्या पाण्यातला मोठा झिंगा सोडला. त्याला किंचित खारट पाणी चालतं. निळ्या नांग्यांचा, हाताच्या पंजाएवढा होणारा देखणा जीव आहे. गोव्याच्या हॉटेलांत त्याला मान आहे. तळेवाल्यांना खाद्य पाहिजे होतं, ते लांबून यायचं आणि वेळेवर यायचं नाही. म्हणून आमचे मालक अण्णा एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले की, झिंग्याचं खाद्य आपण करायचं. मी म्हटलं, करू. त्यांनी पुढचं वाक्य दारापर्यंत जाऊन सांगितलं. सुकट किंवा मासळीची भुकटी कारखान्याच्या फाटकातून आत येणार नाही.

अण्णा स्वतः मटण-माशाचे एक नंबरचे शौकीन. पण मिक्सर एकच होता आणि त्याच मिक्सरमधून म्हशीची पेंड निघायची. म्हशीच्या तोंडी मासळी गेलेली त्यांना चालणार नव्हती, आणि म्हशीला तर त्याहून चालणार नव्हती. वासानंच ती घमेल्यातनं तोंड बाजूला करते, आणि एका गोठ्यातल्या म्हशीनं तोंड फिरवलं की संध्याकाळपर्यंत दूध डेअरीच्या रांगेत ती बातमी गावभर होते. म्हणून झिंग्याला वाढवायचं ते निव्वळ सोयापेंड, शेंगपेंड, मका आणि तांदळाच्या कोंड्यावर. झिंगा हा मुळात चिखलातलं मेलेलं-सडलेलं, किडामुंगी खाणारा. त्याला शाकाहारी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

यातली अडचण वाचकांना सांगायची तर आपला कोल्हापुरी साज डोळ्यांपुढे आणा. साजात नाना तऱ्हेची पानं असतात. मासा, कासव, भुंगा, चंद्र. शरीरातलं प्रथिन म्हणजे असा साज, आणि पानं म्हणजे अमिनो आम्लं. सोनाराकडे बाकी सगळी पानं ढिगानं असली आणि एक भुंगाच नसला, तर साज तिथंच अडतो. उरलेली पानं डबीत पडून राहतात. सोयापेंडीत बाकी पानं भरपूर असतात, पण मिथिओनिन नावाचं एक पान अगदी तोकडं असतं. शेंगपेंडीत तेही कमी आणि लायसिन नावाचं दुसरंही कमी. मासळीच्या भुकटीत ही दोन्ही असतात, म्हणून जगभर झिंग्याला मासळी घालतात. मासळी घालायची नाही तर ही दोन पानं बाहेरून, पांढऱ्या पावडरीच्या रूपात आणून मिसळायची. परदेशात झिंग्याचा क्रेफिश नावाचा एक नांगीवाला भाऊबंद तळ्यांत पाळतात. त्याला पेंडीवर वाढवायच्या खटपटी लोकांनी केलेल्या होत्या. ते वाचून वाचून मी अंदाज बांधले.

पण झिंगा खातो कसा, ते बघण्यासारखं असतं. म्हैस बोकाणा भरते. झिंगा दाणा चिमटीत धरतो, इकडून कुरतडतो, तिकडून कुरतडतो, मध्येच ठेवून देतो, भांडून येतो, पुन्हा उचलतो. तोवर दाणा पाण्यात. बत्ताशासारखा विरघळला तर त्यानं खायचं काय? मला उपाय सापडला तो घरात. आमच्याकडे कुरडयांसाठी गहू भिजवून चीक काढतात. तो शिजला की कसा चिकट, दोरीसारखा होतो, ते कुठल्याही बाईला विचारा. तसला चीक घालून मी दाणे बांधले. ग्लासात सकाळी टाकलेला दाणा दुपारच्या डब्यापर्यंत अखंड राहिला त्या दिवशी मी हाताखालच्या सगळ्यांना भजी खाऊ घातली.

त्या मिथिओनिनच्या पांढऱ्या पावडरीमुळे एकदा एक वस्तादही माझ्याकडे आले होते. कोल्हापुरातल्या एका तालमीचे. सोबत दाराएवढा पैलवान, मान खाली घालून उभा. वस्ताद अदबीनं म्हणाले, "मॅडम, झिंग्यास्नी घालतासा ती पावडर आमच्या पोराला द्या की थोडी. दंड भरंना झालाय." मी त्यांना सांगितलं की ही जनावराच्या खाद्यातली वस्तू आहे, माणसाला द्यायची नाही, आणि पोराला डाळ, दूध, अंडी व्यवस्थित मिळत असतील तर त्याच्या साजातलं एकही पान कमी नाही. वस्तादांना साज कळला, पावडर न मिळाल्याचं दुःख मात्र झालं. जाताना म्हणाले, झिंग्याचं नशीब थोर. आणखी एक गृहस्थ चंदगडहून भर पावसात एस्टीनं आले होते. काजूची बोंडं वाया जातात, ती झिंग्याला घालीन म्हणत होते. प्रत्येक माणूस आपल्या घरातली रीत घेऊन तळ्यावर जातो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी हसून सोडून दिलं.

आता जे सांगायचं म्हणून लिहायला बसले ते सांगते.

तळेवाल्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यात मीही होते. एका सकाळी विश्वास नावाच्या तळेवाल्यानं एक फोटो टाकला. तळहातावर झिंगा. बोटाएवढा, कवच मऊ, एक नांगी तुटलेली. त्या वयाला तो दुप्पट तरी असायला हवा होता. खाली लिहिलं होतं की कुणाचं काही का असेना, आमच्या तळ्यात पेंडीवर झिंगा वाढत नाही. अर्ध्या तासात ग्रुपवर गलका झाला. ज्यांचं चांगलं चाललं होतं तेही शंका काढायला लागले. मी तिखट उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. तोवर अण्णांचा फोन आला, गाडी काढतोय, खाली या.

विश्वासचं गाव कुरुंदवाडच्या पलीकडे, नदीच्या अंगाला. तो तिशीतला, इचलकरंजीत सूतगिरणीत शिफ्टला जायचा. घरी त्याची आई, सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं. वडील जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. म्हशी दोन. तळ्याचं सगळं रोजचं बघायच्या त्या आक्काच. सत्तरीला आलेल्या, काटक, नऊवारीचा काचा मारून बांधावरनं अशा चालायच्या की मला मागं पळावं लागायचं.

तळ्याच्या शेजारचं रान बघून मात्र माझी पावलं थांबली. सगळं काळंकुट्ट. फौंड्रीतली, लोखंड ओतायच्या साच्यांतली जळकी वाळू तिथं टाकलेली, माणसाच्या डोक्यावर जाईल इतके ढीग. तेही रान मीठ फुटलेलं होतं. मालकानं एका ठेकेदाराला वाळू टाकायला दिलं आणि स्वतः पुण्याला निघून गेला. तोच ठेकेदार आता विश्वासच्या मागं होता. विश्वासनं आईला सांगून ठेवलं होतं की हा हंगाम शेवटचा, पुढच्याला घालायला पैसा नाही. झिंगा लागला तर तळं ठेवायचं, नाहीतर बुजवून वाळूला द्यायचं. एकदा ती वाळू पडली की त्या रानात पुन्हा कधी काही उगवणार नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. विश्वास हे सगळं शांतपणे सांगत होता आणि आक्का ऐकत होत्या. मग त्या अण्णांकडे बघून म्हणाल्या, "जमीन आजारी हाय, मेलेली न्हाय. आजारी माणसावर कोण माती लोटतंय व्हय?"

मी पाणी तपासलं, ठीक होतं. जाळीची थाळी तळ्यात सोडून झिंगे वर काढले. खाद्य संपत होतं, पोट भरलेलं दिसत होतं, अंगाला मात्र काही लागत नव्हतं. कवच टाकल्यावर नवं कवच धरायला अंगात सत्त्व लागतं, ते नव्हतं. मऊ पडलेल्याला बाकीचे कुरतडून खात होते. लक्षणं सगळी त्या एका पानाची होती. मिथिओनिन कमी. आणि मी तर ते मापून, वर चिमूटभर जास्त घातलं होतं. मला राग आला. विश्वासला मी सरळ विचारलं की पोती दुसरीकडे तर जात नाहीत ना, म्हशीपुढे वगैरे. त्याचा चेहरा पडला. अण्णांनी मला डोळ्यांनी गप्प केलं आणि पोत्यातला नमुना घ्यायला सांगितलं.

निघताना अण्णा तळ्याच्या बांधावर उभे राहिले आणि त्यांनी शब्द दिला. कारण सापडलं नाही तर खोट आमची. पुढच्या हंगामाचं बी, म्हणजे झिंग्याची पिल्लं, आणि खाद्य कारखाना देईल आणि हे पेंडीचं झिंगा-खाद्य बंद होईल. रिपोर्ट काहीही येऊ दे, कागद झिंग्याला वाचता येत नाही. येत्या रविवारी मी स्वतः परत येतो, असंही सांगून टाकलं. परतीच्या वाटेवर माझा मनात हिशेब चालू होता. मी उभा केलेला एकमेव खरा नवा पदार्थ बंद होणार होता, आणि तो बंद झाला तरच आक्कांचं रान वाचणार होतं.

रिपोर्ट शनिवारी आला. खाद्यात सगळं जिथल्या तिथं होतं. मी तो घेऊन एकटीच एस्टीनं गेले, कशासाठी ते मलाही धड माहीत नव्हतं. विश्वास शिफ्टला होता. आक्कांनी चहा टाकला आणि मी गोठ्याच्या पायरीवर बसले. तिथं दोन घमेली शेजारी शेजारी ठेवलेली होती, दोन्हींवर ओलं गोणपाट. एकात म्हशीची पेंड भिजत होती. दुसऱ्यावरचं गोणपाट मी सहज उचललं. आत माझे दाणे होते. टपोरे फुगलेले, एकही फुटलेला नाही. माझा चीक आपलं काम चोख बजावत होता.

मी विचारलं, आक्का, हे असं कधीपासून?

"असं म्हंजे? पहिल्यापासनं," त्या म्हणाल्या. "भिजवल्याबगर कसं घालायचं? कोरडा घास घशात बसतोय की. मुकं जनावर हाय, बोलून दावतंय व्हय?"

आपल्याकडे पेंड भिजवून घालतात. हे कुणी कुणाला शिकवत नाही, सासरी आलेल्या मुलीलाही नाही. कोरडी पेंड म्हशीपुढे टाकणारं घर आळशी समजलं जातं. रात्री भिजत घालायची, सकाळी हातानं मळायची. आक्कांनी झिंग्यालाही घरचं जनावर मानलं आणि घरच्या जनावराची सगळी माया त्याला केली. विश्वासनं सांगितलं होतं, सकाळ-संध्याकाळ तळ्यात टाक. भिजवू नको हे त्यानं सांगितलं नव्हतं, कारण आई भिजवत असेल हे त्याच्या मनात आलं नाही. मीही कुठल्याच तळेवाल्याला सांगितलं नव्हतं. तळ्यात आधीच पाणी आहे, मग भिजवायचं कोण? बाकीच्या तळ्यांवर खाद्य टाकणारे गडी होते, त्यांना एवढी माया नव्हती. त्यांचे झिंगे झकास वाढत होते.

मी विचारलं, आणि वरचं पाणी? ते काय करता?

"सत्त्व उतरतंय पाण्यात, ते वतून कसं द्यायचं? म्हशीला पाजतोय."

मिथिओनिन आणि लायसिन पाण्यात विरघळतात. पेंडीतल्या प्रथिनाचा साज बांधलेला असतो, तो पाण्यात लगेच सुटत नाही. पण मी वरून घातलेली पानं सुटी होती. दाणा अखंड राहिला आणि त्यातली नेमकी तीच पानं रात्रभरात पाण्यात उतरून गेली. माझ्या ग्लासात मी दाण्याचा आकार बघत होते. म्हशीलाही त्या पाण्याचा उपयोग नव्हता, तिच्या पोटातले जंतू असल्या सुट्या गोष्टी मध्येच फस्त करतात. ते सत्त्व ना झिंग्याला लागलं ना म्हशीला.

खरं सांगते, क्षणभर मला आनंद झाला. खाद्य माझं बरोबर होतं! उठून अण्णांना फोन लावावासा वाटला. मग मी आक्कांकडे बघितलं. त्या चहाची कपबशी हातात घेऊन उभ्या होत्या आणि माझा चेहरा वाचत होत्या. मी त्यांना साजाची गोष्ट सांगितली. त्यांच्या गळ्यात साज नव्हता, पण त्यांना एका सांगण्यात कळलं. त्या माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. बराच वेळ घमेल्यातले दाणे बोटांनी चाळवत राहिल्या.

"म्हंजे मी त्यास्नी चोथा घालत हुतो," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, तुम्ही मायेनं केलंत. त्यांनी मान हलवली. माया हा त्या वेळी काही उपयोगाचा शब्द नव्हता.

मग त्यांनी विचारलं, "आणि हे कुणाला सांगितलंच न्हाय तर?"

मी लपवलं नाही. सांगितलं, की मग अण्णा उद्या खोट आमची म्हणून मान्य करतील, तुम्हाला पुढचा हंगाम मिळेल, तळं राहील. पेंडीचं खाद्य बंद होईल. त्यांनी विचारलं, बाकीच्या तळ्यांचं मग काय? मी म्हटलं, त्यांना पुन्हा लांबून मागवावं लागेल, परवडलं तर चालेल, नाही परवडलं तर ज्याचं त्यानं बघायचं. आक्कांनी शेजारच्या काळ्या ढिगांकडे बघितलं. आजूबाजूला आणखी कितीतरी मीठ फुटलेली रानं होती, तळी होती. त्यांची नावं आक्कांना पाठ होती, कारण ती सगळी नात्यागोत्यातली माणसं. मी उठले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की उद्या तुम्ही काही बोलायचं नाही.

एस्टीत मी सगळ्या वाटेनं विचार करत होते की उद्या आक्का गप्प बसल्या तर मी बोलणार का. आजही त्याचं उत्तर मला देता येत नाही. ते देण्याची वेळ त्यांनी माझ्यावर येऊ दिली नाही.

रविवारी अण्णा मला घेऊन आले. विश्वास घरी होता. अण्णांनी रिपोर्ट बांधावर ठेवला, वर दगड ठेवला आणि बोलायला सुरुवात केली की कागदात काही नाही सापडलं, तेव्हा मी दिलेला शब्द— तेवढ्यात आक्का गोठ्यातून आल्या. कमरेवर ते झिंग्यांचं घमेलं होतं. त्यांनी ते अण्णांच्या पायाशी ठेवलं आणि गोणपाट काढलं.

"अण्णा, तुमच्या पेंडीत काय खोट न्हाय. मी ही भिजवून, पाणी काढून घालत हुतो. सत्त्व सगळं पाण्यातनं गेलं. ह्या पोराला ठावं न्हाय. बाईंनी काल बघितलंय, इचारा त्यास्नी."

अण्णांनी मला विचारलं नाही. ते खाली वाकले, एक फुगलेला दाणा उचलला, चिमटीत दाबला. विश्वास आईकडे बघत होता. मला वाटलं, आता ओरडेल. त्यानं घमेलं उचललं, गोठ्यात नेऊन ठेवलं आणि परत येऊन तिथंच उभा राहिला.

अण्णा व्यवहाराला कडक माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज वेगळा होता. म्हणाले, खोट नसली तरी पुढच्या हंगामाचं मी देतो. मीही मध्ये पडले. आता कारण कळलंय, कोरडं घातलं की झिंगा वाढणारच, एक हंगाम थांबा, असं कळवळून सांगितलं. विश्वासनं दोघांचं ऐकून घेतलं.

"खोट तुमची असती तर हक्कानं घेतलं असतं, अण्णा," तो म्हणाला. "आता नगो."

मी आक्कांकडे बघितलं, त्या काही म्हणतील म्हणून. पण पोराचं बोलणं त्यांच्याच तोंडचं होतं. त्या भागातल्या माणसांचा हा ताठा मी जन्मभर बघितला आहे, त्याच्या गोष्टी सांगून हसलेही आहे. त्या दिवशी मला तो पाय धरून मोडून काढावासा वाटला. पण तो मोडत नाही.

तळं आटवायला अजून काही आठवडे होते. तोवर आक्कांनी कोरडं खाद्य टाकलं. पहिल्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. मूठ भरून त्या बांधावर उभ्या राहिल्या आणि हात पुढे होईना. शेजारच्या बाईनं बघितलं तर काय म्हणेल, असं काहीतरी पुटपुटल्या. मग टाकलं, आणि पाण्याकडे बघून हात जोडले. थंडी तोंडावर आली होती. थंडीत झिंगा वाढत नाही, त्यामुळे तळ्याचं गणित काही सुधारणार नव्हतं. तरी आटवलेल्या दिवशी चिखलात हात घालून आक्कांनी एक झिंगा वर काढला आणि माझ्यापुढे धरला. मधल्या काळात त्यानं कवच टाकलेलं होतं. नवं कवच टणक होतं, नांग्या निळ्या धरल्या होत्या. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, मला बघू दिला, आणि टोपलीत न टाकता शेजारच्या ओढ्यात सोडून दिला. पंधरवड्यानं तळ्यावर वाळूचे टिपर यायला लागले.

त्यानंतर मी खाद्य बदललं. मिथिओनिन आणि लायसिन टाकण्याआधी त्यांना तेलाचं, चिकाचं आवरण द्यायला लागले, म्हणजे पाण्यात लवकर सुटू नयेत. ग्लासातलं पाणीही प्रयोगशाळेत पाठवायला लागले, नुसता दाणा नाही. आज त्या भागात कितीतरी तळी आमच्या पेंडीवर चालतात. पोत्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, "कोरडेच टाकावे. भिजवू नये." नवे तळेवाले ती ओळ वाचून हसतात. झिंग्याचं खाद्य कोण भिजवतं, म्हणतात. कारखान्यात सगळ्यांना वाटतं ती ओळ माझी आहे. निवृत्तीच्या निरोपसमारंभात तर एकानं भाषणात तिचा उल्लेख करून टाळ्या घेतल्या. मी खुर्चीत बसून होते आणि मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

समारंभ झाल्यावर दुसऱ्याच दिवशी मी कुरुंदवाडची एस्टी धरली. विश्वास आता इचलकरंजीतच खोली घेऊन राहतो. आक्का त्याच्याकडे राहायला गेल्या नाहीत. म्हैस एकच राहिली आहे. तळ्याच्या जागी काळा ढीग, त्याच्यावर पाऊस पडून पडून घळी पडलेल्या. उन्हाळा होता. आजूबाजूच्या रानांवर मीठ पांढरं चमकत होतं. या रानावर ते दिसत नव्हतं, कारण रानच दिसत नव्हतं.

आक्का गोठ्याच्या पायरीवर बसून पेंड मळत होत्या. मी शेजारी बसले. पोत्यावरची ओळ त्यांनी कुणाच्या तरी तळ्यावर बघितली होती. तिथल्या एका पोरीकडून वाचून घेतली होती. बरं झालं छापलं, म्हणाल्या, आपण शिकलो ते चार जणींना कळतंय. मग हात तसेच घमेल्यात ठेवून त्यांनी त्या ढिगाकडे बघितलं.

"आजारीच हुती बाई," त्या म्हणाल्या. "मेलेली न्हवती."

आणि म्हशीचं घमेलं उचलून गोठ्यात गेल्या.